मी लिहिलेला ळ

संपादकांनी मला गिट्टीच्या धंद्यावर लिहायला सांगितलं होतं. वणी-मारेगावच्या पट्ट्यात काळा दगड फोडून रस्त्यांना पुरवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे त्यांचं मागणं रास्तच आहे. पण त्या धंद्यात मला कुणी हरवलं नाही, म्हणून त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही. मी हरलो ते दुसऱ्याच कामात. त्या कामाला पगार नव्हता, साहेब नव्हता, सुट्टी नव्हती, आणि त्यातून मला कायमचं काढून टाकलं आहे. ते काम म्हणजे मराठीतल्या एका ऑनलाइन ज्ञानकोशात ज्वालामुखींवरचे लेख तज्ज्ञांकडून तपासून घेणं आणि सुधारणं.

वाचणारे हसले असतील. वणीत सगळे हसलेच होते. "यवतमाळ जिल्ह्यात ज्वालामुखी कुठी हाय बाप्पा? कोयसा हाय, कापूस हाय, ज्वालामुखी कायले पायजे?" असं माझा जुना ड्रायव्हर गणपत म्हणाला होता. त्याला मी सांगितलं, की तू जन्मभर ट्रकमध्ये भरलास तो ज्वालामुखीच होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेला रस थंड होऊन जो काळा गोटा झाला, तो आपण फोडून विकला. आणि तो आपोआप झिजून जी माती झाली, तिच्यात आपला कापूस येतो. गणपतला पटलं नाही. त्याला वाटलं, दगड फोडायचा क्रशर विकल्यापासून माझं डोकं फिरलं आहे.

मी नववीनंतर शाळा सोडली. आधी खाणीवर पाणी भरलं, मग एका शेठकडे रोजचा हिशेब लिहिणारा मुन्शी झालो, मग स्वतःचा क्रशर उभा केला. क्रशर विकल्यावर हातात वेळ आला, तेव्हा सहज आपल्या दगडाबद्दल ज्ञानकोशात काय लिहिलंय ते पाहिलं. सात ओळींचा लेख होता आणि त्यात तीन चुका होत्या. एका ओळीत तर 'महाराष्ट्रातील ज्वालामुखी पर्वतांच्या शिखरांतून' लाव्हा आला, असं म्हटलं होतं. कुठलं शिखर? ज्या दगडाचे थर मी तीस वर्षं उघडे करून पाहिले, त्यात मला शिखर कधी दिसलं नाही. रागाच्या भरात मी 'संपादन' असं लिहिलेल्या बटणावर बोट दाबलं. माझी बहुतेक कामं रागाच्या भरातच सुरू झाली आहेत.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. लेख कुणालाही लिहिता येतो आणि कुणालाही पुसता येतो. फक्त प्रत्येक विधानाला छापील संदर्भ लागतो. तुम्हाला काय माहीत आहे, याला किंमत नाही. तुमच्याआधी कुणी ते छापलं आहे का, एवढंच पाहतात. प्रत्येक लेखाच्या मागे एक चर्चेचं पान असतं, तिथे भांडायचं. आता गंमत अशी, की ज्यांना खरोखर माहीत असतं ते प्राध्यापक तिथे फिरकत नाहीत. आपण लिहायचं आणि एखाद्या कॉलेजच्या पोराने पुसायचं, हे त्यांना सोसत नाही. आणि जे तिथे रोज येतात, त्यांनी दगड हातात घेतलेला नसतो. मध्ये दलाल लागतो. तो मी झालो, आणि चांगला झालो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

प्राध्यापकाला 'आमच्यासाठी लिहा' असं कधी म्हणू नये. तो हो म्हणतो आणि लिहीत नाही. त्याला त्याच्या विषयावरचा चुकीचा लेख पाठवावा आणि वर एवढंच लिहावं, की 'साहेब, लोक हे वाचून राहिले आहेत.' पुण्याच्या एका सरांनी त्याच दिवशी चार पानं पाठवली होती. दुसऱ्या एका सरांना प्रत्येक परिच्छेदाखाली स्वतःच्याच पुस्तकाचा संदर्भ हवा होता. त्यांनी सात मागितले, मी एक म्हटलं, दोनवर जमलं. फोन ठेवताना ते म्हणाले, "तुम्ही पूर्वी काय करत होता हो?"

पाठक मॅडम मला अशाच मिळाल्या. नागपूरच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या, भूविज्ञानाच्या. पहिल्या फोनवर त्यांनी विचारलं, "आपण कोण?"

"मी गिट्टीवाला, नारायण."

"म्हणजे माझे नमुने फोडणारे."

"हो जी. आणि तुम्ही माझा माल फुकट पिशवीत घालून नेणाऱ्या."

त्या इतक्या हसल्या, की मला वाटलं फोन कट झाला. त्यानंतर चार वर्षं आठवड्यातून दोनदा आमचा फोन असे. आम्ही दोघांनी मिळून ज्वालामुखींवरचे चाळीसेक लेख नीट केले. त्या खडक बघत, मी वाक्य बघत असे.

आमचं सगळ्यात मोठं भांडण एका शब्दावरून झालं. ज्वालामुखी म्हटलं की तोंड आलं. पण आपल्याकडचा लाव्हा तोंडातून आलाच नाही. जमीन मैलोन्‌मैल फाटली आणि त्या फटींतून तो पसरत गेला. याला मी 'भेग' लिहिलं. मॅडमना 'विदर' हवा होता, परिभाषेत तसा शब्द आहे म्हणे.

"मॅडम, वैशाखात आमच्या वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग म्हटलं की माणसाला दिसते. विदर म्हटलं तर लोकांना विदर्भ वाटेल."

"नारायणराव, ज्ञानकोश आहे तो. वावर नाही."

हा विदर बरेच दिवस लोंबकळत राहिला. त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच, कारण माझा नाश त्याच्यातच आहे.

मधे एक विचित्र गिऱ्हाईक आलं होतं. वणीतला एक ट्रान्सपोर्टवाला दर उन्हाळ्यात लेखात घालायचा, की वणी तालुक्यात ज्वालामुखी जागा झाला आहे. मी पुसायचो, तो पुन्हा घालायचा. शेवटी मी त्याच्याबरोबर जागेवर गेलो. कोळशाचा जुना ढिगारा आतून पेटला होता आणि जमिनीतून धूर निघत होता. तसं होतं आपल्याकडे. मी मॅडमना फोन लावला, त्यांनी चार प्रश्न विचारून निकाल दिला.

"कोयसा हाय तो, लेका," मी त्याला म्हटलं.

"मी सोताच्या डोयानं पाह्यलं, भाऊ. तुमी काहून मिटवता?"

"डोळ्यानं पाहिलेलं चालत नाही. छापील संदर्भ आण."

हे मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो. त्या वेळी ते वाक्य माझ्या बाजूचं होतं.

आता टेकडीबद्दल. झरी जामणीच्या जंगलात एक लहान टेकडी आहे. तिच्या एका अंगाला दगडाचे उभे खांब आहेत, पाच-सहा कोनांचे, कुणी तासून रचल्यासारखे. कुणी तासलेले नाहीत. लाव्हाचा जाड थर सावकाश थंड होतो, आकसतो, आणि आकसताना उभा तडकतो. काळी माती सुकताना तडकते त्यातलाच प्रकार, फक्त दगडात. आमच्या धंद्यात अशा जागेला सोनं मानतात, कारण खांब आयतेच सुटे असतात, सुरुंग कमी लागतो. ही टेकडी वाचली कशी, याचं मॅडमना नवल वाटायचं. आसपासच्या तशा जागा आम्ही लोकांनी कधीच संपवल्या होत्या.

त्या टेकडीवर मी वेगळा लेख लिहिला. तिकडचे मजूर, ड्रायव्हर तिला 'जयाई' म्हणतात, हे मला माहीत होतं. आणि इथे मी जे केलं ते आमच्याकडचाच माणूस करू शकतो. आमच्या वऱ्हाडी तोंडात ळ नाही. काळा तो काया, डोळा तो डोया, कोळसा तो कोयसा. तरुणपणी नागपूरच्या ऑफिसांत टेंडर भरायला जायचो, तेव्हा 'काया दगड' म्हटलं की कारकून एकमेकांकडे बघून हसायचे. मी जिद्दीने ळ शिकलो. एकटा असताना म्हणून म्हणून शिकलो. तेव्हापासून कागदावर लिहिताना गावाकडचा य दिसला, की माझा हात त्याचा ळ करतो. 'जयाई' ऐकलं आणि मी 'जळाई' लिहिलं. जळलेली ती जळाई. काळा, भाजल्यासारखा दगड, वर ज्वालामुखीचा. नाव किती चपखल बसलं! मी पुढे एक ओळही जोडली, की धरती जळाल्याची खूण लोकांनी नावात जपली आहे.

मॅडमना ती ओळ नको होती. "माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधीची घटना आहे ही. खूण कसली जपणार? आणि या नावाला आधार काय?"

"आधार मी. तीस वर्षं ऐकतोय."

"तुम्ही म्हणजे संदर्भ नाही."

मग मी सौदा केला. म्हटलं, तुमचा विदर घ्या, सगळ्या लेखांत घ्या, मी पुन्हा भेगेचं नाव काढणार नाही. माझी जळाई राहू द्या. मॅडम थकल्या होत्या. म्हणाल्या, "घ्या." मला वाटलं, मी जिंकलो. शब्दांची अशी अदलाबदल करता येत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण मला आयुष्यात दुसरं काही येतच नव्हतं.

त्या ओळीपाशी कुणीतरी 'संदर्भ हवा' अशी खूण लावून गेलं. ती मला खुपत राहिली. काही महिन्यांनी एका वर्तमानपत्रात टेकडीवर मोठा लेख आला. वार्ताहराने माझाच लेख उतरवला होता, जळाईच्या ओळीसकट. मी आनंदाने ते कात्रण संदर्भ म्हणून जोडलं आणि खूण काढून टाकली. माझ्याच विहिरीचं पाणी मी माझ्याच विहिरीत ओतलं आणि विहीर भरली म्हणून नाचलो. मग एका कॉलेजच्या पुस्तिकेत जळाई आली. मग टेकडीला कुंपण झालं, पाटी लागली: 'जळाई टेकडी'. खाली माझी ती ओळ, अक्षरशः.

पाटी लागल्यावर मी मॅडमना घेऊन फोटो काढायला गेलो. टेकडीच्या पायथ्याशी सुमनबाईंचं वावर आहे, कापसाची पऱ्हाटी आणि मध्ये तुरीच्या ओळी. सत्तरीची बाई. तिने आम्हाला पाणी दिलं आणि पाटीकडे हात करून विचारलं, "हे कोनं लिवलं, भाऊ?"

"मी," मी फुशारकीने म्हणालो.

"मंग हे जळाई कोन?" तिने ळ कसाबसा उच्चारला. घरातल्या कुणीतरी पाटी वाचून दाखवली असणार.

"टेकडीचं नाव. तुम्ही जयाई म्हणता ना?"

तिने रिकामा तांब्या उचलला. मग म्हणाली, "मी नाई म्हनत. मी टेकडीच म्हनतो. सासूचं नाव कसं घेऊ तोंडानं?"

मॅडमना आधी कळलं. त्यांनी सासूबाईंबद्दल विचारलं.

सुमनबाईने मग सगळं सांगितलं. तिच्या सासूचं नाव जया; ते आम्ही म्हटलं, तिने नुसती मान हलवली. एका शेठचे ट्रक खांब फोडायला आले, तेव्हा टेकडीच्या पोटातून झिरपणारं पाणी सुरुंगाने बंद होईल म्हणून ही बाई वाटेत आडवी बसली. दोन दिवस बसली. उठवायला माणसं आली तर म्हणाली, माह्यावरून न्या गाडी. दुसऱ्या दिवशी गावातल्या बाया भाकरी घेऊन येऊन बसल्या. ट्रक परत गेले, ते पुन्हा आले नाहीत. तेव्हापासून लोक टेकडीला तिच्या नावाने ओळखू लागले.

"आता लोकं येतेत, फोटो काढतेत, वाचतेत," सुमनबाई म्हणाली. "म्हातारीचं नाव त्या पाटीवर नाई. तुमच्याच हातानं लिवलं ना? मंग मिटवा ना, भाऊ. एक तं अक्षर हाय."

परतीच्या वाटेवर मॅडम "तेव्हा मी विदर सोडायला हवा होता," म्हणाल्या.

घरी येऊन मी ते अक्षर बदललं. अर्ध्या तासात ते परत जळाई झालं. परतवणारा 'शिलालेख' नावाचा ज्ञानकोशाचा एक जुना संपादक. तो कुठला, काय वयाचा, मला आजही माहीत नाही. त्याने लिहिलं: 'तीन संदर्भ जळाई सांगतात. बदलाला आधार द्यावा.'

मी लिहिलं, तिन्ही संदर्भ माझ्याच लेखावरून उतरवले आहेत, मूळ चूक माझी आहे. तो म्हणाला, याचा पुरावा? मी म्हटलं, जयाबाईची सून जिवंत आहे, चल दाखवतो. तो म्हणाला, तोंडी माहिती ग्राह्य नाही. तो नियमाने बरोबर होता. हेच वाक्य मी त्या ट्रान्सपोर्टवाल्याला ऐकवलं होतं, म्हणून मला ते जास्त झोंबलं. मी पुन्हा बदललं, त्याने पुन्हा परतवलं. सहा वेळा. चर्चेच्या पानावर मी जे लिहिलं ते इथे छापता येणार नाही. खाणीवरची भाषा होती. मला एक महिना बंदी झाली.

मग मी लिलावातली युक्ती केली. तिथे भाव चढवायला आपलाच माणूस दुसऱ्या नावाने उभा करतात. मी दुसऱ्या नावाने खातं उघडलं आणि स्वतःलाच पाठिंबा दिला. त्या लोकांकडे हे पकडायचं यंत्र आहे. दोन दिवसांत पकडला गेलो आणि कायमचा बाद झालो. त्याहून वाईट म्हणजे, मी लबाड ठरल्यामुळे 'जयाई' हा शब्दच लबाडीचा ठरला. आता दुसऱ्या कुणी तो घातला तरी 'जुन्या प्रकरणातला' म्हणून पुसला जातो. मॅडमनी स्वतःच्या नावाने लिहून पाहिलं. त्यांना अत्यंत नम्रपणे सांगण्यात आलं, की आपण खडकांच्या तज्ज्ञ आहात, स्थलनामांच्या नाही. पाटी लावणाऱ्या ऑफिसात गेलो, तर तिथल्या साहेबांनी मोबाइल पुढे केला: "इंटरनेटवरही जळाईच आहे, काका." मी टेबलावर हात आपटला. शिपायाने बाहेर नेलं.

छापलेलं नाही तर नाही, कुठे हाताने लिहिलेलं तरी मिळेल म्हणून मी वर्षभर फिरलो. सातबाऱ्यावर टेकडीला नाव नाही, नुसता गट नंबर आहे. बाईने अर्ज केला नव्हता, अंगठा दिला नव्हता. ती नुसती बसली होती.

शेवटी ट्रक परत नेणाऱ्या त्या शेठचा पत्ता काढायला निघालो. सुमनबाईला नाव आठवत नव्हतं. ट्रकची दारं हिरवी होती आणि वर घोड्याचं चित्र होतं, एवढं आठवत होतं. ऐकताच मी ओळखलं. तो माझाच शेठ. मी तेव्हा त्याच्याकडे वणीच्या डेपोत मुन्शी होतो. ट्रक रिकामे परत आल्याचं, 'कोनी बाई आडवी झाली' असं ड्रायव्हर सांगत असल्याचं मला अंधुक आठवलं. कुठल्या टेकडीवर, हे मी तेव्हा विचारलंही नव्हतं.

शेठच्या मुलाने माळ्यावरची रोजकामाची जुनी रजिस्टरं दाखवली. वाळवीने अर्धी खाल्ली होती. ते पान मात्र धड होतं. अक्षर माझंच, वळणदार. त्या दोन्ही दिवसांसमोर मी लिहिलं होतं: 'काम बंद. स्थानिक अडचण.'

जयाबाईबद्दल जगात लिहिलेलं एवढंच आहे, आणि ते मी लिहिलेलं आहे. त्या दिवशी ड्रायव्हरला नाव विचारून दोन अक्षरं जास्त लिहिली असती, तर आज तो संदर्भ झाला असता. पाठक मॅडमना मी पानाचा फोटो पाठवला. त्यांचा एकदा फोन आला. तेव्हापासून आमचे फोन कमी झाले आहेत.

संपादकांनी हा लेख छापला तर कुणी म्हणेल, आता छापील संदर्भ झाला. मी ती चौकशी करून घेतली आहे. बाद झालेल्या माणसाने स्वतःच्या भांडणावर स्वतः लिहिलेलं चालत नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा टेकडीवर गेलो होतो. सुमनबाई बांधावर बसली होती, कापूस वेचून थकलेली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तेवढ्यात मोटारीतून चार जण उतरले, शहरातली तरुण मंडळी. त्यातल्या एकीने पाटी वाचायच्या आधी सहज विचारलं, "आजी, काय नाव या टेकडीचं?"

सुमनबाईने पदर डोक्यावर ओढला. जन्मभर जे नाव तिने तोंडानं घेतलं नव्हतं, ते तिने माझ्यादेखत घेतलं. "जयाई," ती म्हणाली.

मुलीने पाटीकडे पाहिलं, मग आपल्या सोबत्यांकडे. "जळाई," ती त्यांना म्हणाली. "यांना ळ म्हणता येत नाही ना, म्हणून."

"जयाई," सुमनबाई पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्याने.

"हो हो, आजी, कळलं," ती मुलगी फार प्रेमाने म्हणाली, आणि ते चौघे खांबांकडे गेले.